माती उकरून कुत्र्याला शिंका किंवा ठसका लागला तर घरी काय करायचं

कुत्र्यानं मनसोक्त माती उकरली, नाक पार त्या खड्ड्यात खुपसलं आणि मग वर आला तो शिंकतच, किंवा मान ताणून नाकातून खर्र खर्र आवाज काढत, तर पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतोच. बहुतेक वेळा हे किरकोळ असतं आणि थोड्या वेळात आपोआप थांबतं. पण तेवढ्या वेळात घाबरून कोणी नाकात तेल सोडतं, कोणी कापूर हुंगवतं, कोणी स्वतःची सर्दीची गोळी अर्धी करून देतं, आणि साध्या धुळीनं झालं नसतं एवढं नुकसान त्यानं होऊ शकतं. म्हणून घरी काय करायचं हे सांगताना काय करायचं नाही यावरपण मी तेवढाच जोर देणार आहे. मुळात धूळ बाहेर काढायचं काम कुत्र्याचं नाक स्वतःच करतं, आपण त्याला स्वच्छ हवा द्यायची, ओलावा द्यायचा, शांत ठेवायचं आणि नीट लक्ष ठेवायचं.

हे नाक कसं चालतं ते आधी बघू, म्हणजे पुढचे उपाय का करायचे ते आपोआप कळेल. कुत्रा वास घेतो तेव्हा आपल्यासारखा एकच लांब श्वास घेत नाही, सेकंदाला साधारण ५ वेळा छोटे छोटे श्वास आत खेचतो, आणि सोडताना ती हवा नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांमधून बाजूला आणि मागे जाते, त्यामुळे जमिनीवरची बारीक धूळ अजूनच उडते. आता यात पुढचे दोन पंजे माती भिरकावतायत, नाक जमिनीपासून दोन बोटांवर आहे आणि मेहनतीनं श्वास आधीच जोरात चाललाय, म्हणजे धूळ आत जाणारच. नाकाच्या आत कागदाची सैल गुंडाळी करावी तशी पातळ हाडांची वेटोळी असतात आणि त्यावर ओलं चिकट अस्तर असतं, जाड कण तिथेच चिकटतात. त्या अस्तरावर अतिशय सूक्ष्म केस असतात, ते हा चिकट थर सतत घशाकडे ढकलत राहतात आणि कुत्रा तो गिळून टाकतो. जे बारीक कण यातून निसटून श्वासनळीत उतरतात त्यांना तिथले केस परत वर ढकलतात आणि उरलेलं काम खोकला करतो. ही सगळी व्यवस्था ओली असेल तरच नीट चालते, अस्तर सुकलं की कण तिथेच अडकून खवखव करत राहतात. म्हणून पाणी आणि थोडी दमट हवा हेच धुळीवरचे खरे उपाय, बाकीचे सगळे त्यांच्या मागून.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. त्रास नेमका कुठे आहे ते आवाजावरून बऱ्यापैकी कळतं, आणि हे एकदा ओळखता आलं की निम्मी भीती जाते.

साध्या शिंकेत हवा जोरात बाहेर पडते, म्हणजे कण नाकाच्या पुढच्या भागात आहेत. काही शिंका, थोडं पाण्यासारखं स्वच्छ नाक वाहणं, कधी त्यात मातीचा रंग, मग जिभेनं नाक चाटणं, यात काळजीचं काही नाही. शिंकू द्या, नाक धरून शिंक दाबू नका.

उलटी शिंक मात्र बघायला फार भीतीदायक असते. कुत्रा जागच्या जागी थबकतो, मान पुढे ताणतो, कोपरं बाहेर येतात आणि नाकातून हवा भराभर आत ओढत घोरल्यासारखा मोठा आवाज करतो, बघणाऱ्याला वाटतं की हा गुदमरतोय. नाकाचा मागचा भाग जिथे घशाला मिळतो तिथे, मऊ टाळूच्या वर, काहीतरी टोचलं की हे होतं, आणि तिथला कण ओढून घेऊन गिळायची ही शरीराची पद्धत आहे. काही सेकंद, फार तर एखाद दोन मिनिटं चालतं आणि थांबलं की कुत्रा काहीच झालं नाही असा परत शेपूट हलवत फिरायला लागतो. हीच ओळखायची खूण आहे, झटका संपल्यावर तो पूर्णपणे नेहमीसारखा असतो, श्वास नॉर्मल, हिरड्या गुलाबी, मूड नॉर्मल. खऱ्या गुदमरण्यात असं होत नाही, त्यात कुत्रा पंजानं तोंड ओरबाडतो, लाळ गळते, सैरभैर होतो आणि मध्ये शांत क्षण येत नाही.

खोकला किंवा ठसका असेल तर धूळ घशापर्यंत किंवा श्वासनळीपर्यंत गेलीये. कोरडा ठसका, शेवटी उबळ आल्यासारखं होऊन थोडा पांढरा फेस पडणं, एवढं उकरल्यानंतर एक दोनदा झालं तर चालतं. पण खोकला सारखा येत राहिला, रात्रीपण आला, किंवा हंसाच्या ओरडण्यासारखा भसाडा आवाज येत असेल तर धुळीला दोष देऊन बसू नका, केनेल कफसारखा संसर्ग असू शकतो, किंवा पोमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींमध्ये श्वासनळीच मऊ पडून दबते त्याचाही आवाज असाच असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिलं काम म्हणजे कुत्र्याला त्या धुळीपासून बाजूला न्यायचं, ओढत नाही, हाक मारून, आणि पट्ट्याला धरून तर अजिबात नाही कारण गळ्यावर दाब आला की आधीच खवखवणारा घसा अजून चिडतो. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, असेल तर तो वापरा, नसेल तर गळ्यातला पट्टा थोडा वेळ काढून ठेवा. मोकळी स्वच्छ हवा, सावली, आणि त्याला बसू द्या. प्यायला साधं पाणी समोर ठेवा, घोट घोट पिऊ द्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. पाणी प्यायल्यानं घशातली माती खाली जाते आणि गिळण्याची क्रिया सुरू झाली की उलट्या शिंकेचा झटकापण बरेचदा तिथेच थांबतो.

मग मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि नाकपुड्यांच्या बाहेरून, तोंडाभोवतीचे केस, मिशा, डोळ्यांचे कोपरे, कपाळ असं हळूहळू पुसायचं. नाकाच्या आत कापूस, बड किंवा बोट घालायचं नाही, आतलं अस्तर फार नाजूक असतं आणि लगेच रक्त येतं. ओठ वर उचलून हिरड्या आणि गाल बघा, तिथे माती, मुळांचे तुकडे, खडे अडकून बसलेले असतात. पंजे धुवा, बोटांच्या मधली मातीपण, कारण थोड्या वेळानं तो तेच पंजे चाटणार आणि तीच माती परत तोंडात जाणार. अंगावरची धूळ कोरड्या ब्रशनं झाडू नका निदान त्या दिवशी तरी, त्यानं धूळ परत त्याच्याच नाकाशी उडते, ओल्या टॉवेलनं पुसा किंवा पाण्यानं अंग धुवून टाका. आणि अंग झटकायचं ते बाहेरच झटकू द्या, बरेच जण ही साधी गोष्ट विसरतात, कुत्रा घरात येऊन जोरात अंग झटकतो, सगळी धूळ त्याच्या अंथरुणावर बसते आणि मग रात्रभर तो त्यातच नाक खुपसून झोपतो आणि आपण म्हणतो की शिंका थांबतच नाहीयेत.

उलट्या शिंकेच्या वेळी तुम्ही शांत राहणं हाच मोठा उपाय आहे, आपण ओरडलो, धावपळ केली की तो घाबरतो आणि झटका लांबतो. जवळ बसा, हळू आवाजात बोला, गळ्यावरून वरून खाली हलका हात फिरवा. एखादा सेकंद नाकपुड्यांवर अलगद बोट ठेवलं तर कुत्रा गिळतो आणि त्यानं झटका मोडतो, हे चालतं, पण तुमच्या हाताची सवय असलेल्या कुत्र्यावरच, आणि चपट्या नाकाच्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्यावर कधीच नाही. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरकडे पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि तोंडी वर्णन करण्यापेक्षा २० सेकंदांचा व्हिडिओ त्यांना खूप जास्त सांगतो.

नाकात घालायला चालतं ते फक्त साधं स्टराइल सलाईन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी, लहान बाळांच्या नाकासाठी मिळतं ते, आणि त्यात दुसरं कुठलंही औषध नाही हे लेबलवर वाचून घ्यायचं. एकेका नाकपुडीत एक दोन थेंब पुरतात, नंतर तो शिंकेल आणि तेच आपल्याला हवंय. घरी मीठ पाण्यात ढवळून अंदाजानं करू नका, जास्त खारट झालं तर आग होते. आणि कुत्रा धडपडत असेल तर हा उपाय सोडून द्या, त्याला दाबून धरण्याच्या नादात श्वास अजून वाढतो, त्यापेक्षा दमट हवा बरी. त्यासाठी बाथरूमचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर सोडायचा, खोली दमट झाली की कुत्र्याला घेऊन पाण्यापासून लांब १० मिनिटं नुसतं बसायचं. खोली उबदार आणि ओलसर हवी, गुदमरायला होईल एवढी गरम नको. गरम पाण्याच्या भांड्यावर त्याचं डोकं धरून वाफ द्यायचा प्रकार अजिबात करू नका, एक धक्का लागला की भाजतं. कुत्रा आधीच तापलेला असेल, धापा टाकत असेल, चपट्या नाकाचा असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर वाफेचा उपाय त्याच्यासाठी नाहीच, कुत्र्यांचं अंग मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं आणि दमट गरम हवेत ते नीट होत नाही.

घसा खवखवत असेल, ठसका असेल तर अर्धा चमचा मध चाटवलेला चालतो, घशावर लेप बसतो आणि थोडा वेळ बरं वाटतं, पण एक वर्षाखालचं पिल्लू आणि डायबेटिस असलेला कुत्रा यांना नाही. नाकातल्या धुळीवर मधाचा काही उपयोग नाही हेपण लक्षात घ्या. जेवण त्या दिवशी कोरड्या दाण्यांऐवजी ओलं करून द्या, कोमट पाणी घालून मऊ केलं तरी पुरे. घरात सिगरेट, कॉइल, रूम फ्रेशनर, परफ्युम, उग्र वासाचं फिनाईल हे सगळं दिवसभर बंद, चिडलेल्या अस्तराला धूर म्हणजे दुसरा मार. धावणं, बॉल फेकणंपण त्या दिवशी नको.

आता जे करायचं नाही ते. तेल किंवा कुठलाही तेलकट पदार्थ नाकात सोडू नका, तेलाचे थेंब खोकला न येता गुपचूप फुप्फुसात उतरू शकतात आणि तिथे तेलामुळे होणारा न्यूमोनिया होतो, जो धुळीपेक्षा कितीतरी वाईट. कापूर, निलगिरी तेल, टी ट्री ऑइल, मेंथॉलचे बाम हे हुंगायला, छातीला चोळायला, वाफेत टाकायला कशालाच नको, कुत्रा ते चाटतो आणि पोटात गेलं की विषबाधा होते. माणसांचे नाक मोकळं करायचे ड्रॉप, म्हणजे झायलोमेटाझोलीन, ऑक्सिमेटाझोलीनवाले, कुत्र्यात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बिघडवतात. सर्दीच्या गोळ्यांमध्ये बरेचदा स्युडोएफेड्रिन असतं, त्यानं कुत्र्याला आकडी येऊ शकते. पॅरासिटामॉल लिव्हरला मारतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी करतं, म्हणजे श्वासाच्या त्रासावर दिलेली गोळी श्वासाचाच त्रास वाढवते, आणि आयबुप्रोफेननं पोटात अल्सर होतात, किडनीला धोका. कफ सिरपमध्ये झायलिटॉल नावाची साखरेऐवजी घातलेली गोडी असू शकते, ती कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली आणते. ॲलर्जीची गोळी डॉक्टर काही कुत्र्यांना देतात हे खरं आहे, पण डोस वजनावर ठरतो आणि बाजारातल्या बऱ्याच गोळ्या मिश्र असतात, म्हणून विचारल्याशिवाय नाही.

हे सगळं करून लक्ष कशावर ठेवायचं? श्वासावर. कुत्रा झोपलेला किंवा निवांत पडलेला असताना छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास, घड्याळ लावून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला साधारण १५ ते ३० श्वास हे ठीक, सतत ३० च्या वर राहत असतील तर डॉक्टरांना फोन करा, ४० च्या पुढे असतील तर थांबू नका. उकरून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा तो अंग थंड करायला धापा टाकत असतो आणि आकडा कितीही येतो, सावलीत निवांत पडल्यावर मोजा. कुत्रा ठणठणीत असताना एक दोनदा मोजून त्याचा नेहमीचा आकडा लिहून ठेवलात तर फार उपयोगी पडतो. सोबत हिरड्या बघा, गुलाबी आणि ओल्या हव्यात, बोटानं दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा २ सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी.

साध्या धुळीचा त्रास काही तासांत कमी होत जातो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत जवळपास संपतो. कमी होत जाणं महत्त्वाचं. २४ तासांनंतरही तेवढाच असेल किंवा वाढत असेल तर ते धुळीचं राहिलेलं नाही.

मग काय असू शकतं? सगळ्यात कॉमन म्हणजे गवताचं कुसळ. त्याला उलटे काटे असतात त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं, शिंकून बाहेर पडत नाही. याची लक्षणं ठळक असतात, अचानक एकामागून एक जोरदार शिंका, इतक्या की डोकं जमिनीवर आपटतं, पंजानं एकाच बाजूचं नाक घासणं, आणि मग त्याच नाकपुडीतून रक्त किंवा काही दिवसांनी पू. हे चिमट्यानं काढायला जाऊ नका, अजून आत ढकललं जातं, डॉक्टर भूल देऊन दुर्बिणीनं काढतात. एका बाजूनं वाहणारं नाक हे कधीच साधी धूळ समजू नका, एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

मातीतल्या बुरशीचंही बघायला हवं. ॲस्परजिलस ही बुरशी जगभर मातीत आणि कुजलेल्या पानांत असते, बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण काहींच्या, जास्त करून लांब नाकाच्या कुत्र्यांच्या, नाकात ती घर करते, मग महिनोन्महिने घट्ट स्राव, रक्त, नाकाला हात लावू न देणं आणि नाकपुडीच्या कडेचा काळा रंग उडणं असं दिसतं. पक्ष्यांच्या किंवा वटवाघळांच्या विष्ठेनं भरलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा ही दुसरी बुरशी असू शकते, आणि अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी, ही थेट फुप्फुसात जाते आणि खोकला, ताप, वजन उतरणं हे उकरल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतं. म्हणून जुना खोकला घेऊन डॉक्टरकडे गेलात तर कुत्रा उकरतो, कुठे उकरतो, हे आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि मातीत काय मिसळलंय तेपण बघा. चुना किंवा सिमेंट असेल तर ते ओलं झालं की भाजतं, तिथे तोंड, नाक, पंजे लगेच भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा, आणि नाकाच्या आत पाणी न जाऊ देता. कीटकनाशक असेल आणि लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, थरथर, श्वास लागणं दिसलं तर घरी एक मिनिटपण घालवू नका. उंदराच्या विषाचं तर अजून फसवं, खाल्ल्यावर दोन तीन दिवस काही दिसत नाही आणि मग छातीत रक्तस्राव होऊन खोकला आणि धाप लागते. गांधीलमाश्यांचं पोळं कधी जमिनीतही असतं, तिथे उकरल्यावर तोंड सुजायला लागलं तर श्वासनळीपण सुजू शकते.

काही कुत्र्यांच्या बाबतीत घरी वाट बघायची मुभा कमी असते. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे, अगदी लहान पिल्लं, म्हातारे कुत्रे, हृदयाचे किंवा दम्याचे पेशंट, यांचा त्रास किरकोळ दिसला तरी लवकर फोन करा. आणि कुठलाही कुत्रा असो, हिरड्या निळ्या, राखाडी किंवा पांढरट पडल्या, पोट आत-बाहेर करून श्वास घेतोय, कोपरं बाहेर काढून बसलाय पण आडवा होऊ शकत नाही, आत श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, नाकातून रक्त थांबत नाहीये किंवा तो कोसळला, तर वर लिहिलेलं काहीही करत बसायचं नाही, सरळ गाडीत घालून दवाखाना. जाताना तोंडाला जाळी बांधू नका, खिडकी उघडी किंवा एसी चालू, त्याला ज्या पोझमध्ये बरं वाटतंय त्यातच राहू द्या, आणि एकानं पुढे फोन करून सांगा की श्वासाचा त्रास असलेला कुत्रा येतोय, म्हणजे ते ऑक्सिजन तयार ठेवतात.

उकरणं बंद करायच्या मागे लागू नका असं मी म्हणेन. टेरियर, डॅक्सहुंड यांना तर पिढ्यानपिढ्या त्याच कामासाठी वाढवलंय आणि बाकीचेपण गारवा शोधायला, वासामागे किंवा कंटाळा आला म्हणून उकरतात. त्यापेक्षा एक ठरावीक कोपरा द्या, तिथली माती आधी पाणी शिंपडून ओलसर करा, ओली माती उडत नाही आणि निम्मा प्रश्न तिथेच संपतो. धुतलेली जाड वाळू असेल तर अजून चांगलं, तिच्यात त्याची खेळणी पुरून ठेवा म्हणजे तो तिथेच येईल. खत, औषध, राख त्या बाजूला टाकू नका, आजूबाजूचं गवत कुसळं धरायच्या आधी कापा. दर थोड्या वेळानं हाक मारून पाणी पाजा. आणि प्रत्येक वेळी उकरून झालं की ओल्या कापडानं तोंड पुसायची, ओठ उचलून हिरड्या बघायची सवय पिल्लू असतानाच लावा, म्हणजे खरंच तपासायची वेळ येईल तेव्हा तो बिनधास्त बघू देईल.